आमची वाटचाल : पाळणाघर आणि एकवीस दिवसांचा हिशेब

जून २००९ मध्ये बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या राहत्या घराच्या माजघरात, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई अशा दोघींनी पाच मुलांवर हे पाळणाघर सुरू केले. उद्यमबागेतल्या कारखान्यांत पाळीवर जाणारे वडील, बँकेत, कॉलेजात किंवा दवाखान्यात नोकरी करणाऱ्या आया, आणि आजी-आजोबा कोल्हापूर, चंदगड किंवा गडहिंग्लजकडे, अशी ती कुटुंबे होती. दोनच महिन्यांत पुण्यात स्वाइन फ्लूने पहिला बळी गेला, तिथल्या शाळा बंद झाल्या आणि आमच्या पाचांपैकी तीन मुले घरी बसली. जाऊबाई त्या वेळी म्हणाल्या, “मुलं सांभाळायची म्हणजे त्यांचं दुखणंही सांभाळायचं. त्याची वही वेगळी ठेव.” ती दोनशे पानी वही आजही कपाटात आहे.

जी दोन मुले येत राहिली, त्यांतले एक आमच्या सिस्टरांचे होते. त्या दवाखान्यात परिचारिका आहेत. आम्ही सगळ्या त्यांना सिस्टर म्हणतो. त्यांनी पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी बजावल्या. जी बाई डायपर बदलेल तिने त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही, आणि हात साबणानेच धुवायचे, कारण जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर हात चोळायचे सॅनिटायझर पुरेसे चालत नाही. त्यानंतरची सहा वर्षे मुले येत गेली आणि मोठी होऊन शाळेत जात राहिली. त्यांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही.

लिहायचे आहे ते २०१६ च्या मार्चबद्दल. तेव्हा सतरा मुले होती. मागच्या अंगणात एक खोली बांधण्यासाठी पतसंस्थेचे कर्ज नुकतेच काढले होते, आणि नव्या वर्षाचे प्रवेश तोंडावर होते. एका मंगळवारी तीन वर्षांच्या एका मुलाच्या पाठीवर दोन-तीन तांबडे ठिपके दिसले. डास चावले असतील, असे त्याच्या आईने सांगितले आणि मीही ते मानले. बुधवारी दुपारी झोपेतून उठवून त्याचा सदरा बदलताना, त्यांतल्या एका ठिपक्याच्या जागी पाण्याच्या थेंबासारखा टपोरा फोड दिसला आणि केसांत आणखी चार सापडले. डॉक्टरांनी संध्याकाळी कांजिण्या असल्याचे सांगितले.

जाऊबाईंचे म्हणणे होते की त्याच रात्री सगळ्या पालकांना कळवावे. मी दोन दिवस थांबू या म्हणाले. प्रवेशांचे दिवस, कर्जाचा पहिला हप्ता आणि कदाचित पसरणारही नाही अशी वेडी आशा, एवढीच माझ्याकडे कारणे होती. शुक्रवारी ही बातमी एका आईला भाजीच्या गाडीवर कळली, आणि ती पाच महिन्यांची गरोदर होती. तिला रक्त तपासून घ्यावे लागले. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्याने तिच्या रक्तात संरक्षण होते आणि पुढे बाळंतपण सुखरूप झाले. पण तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत त्या घरात जी भीती होती, ती माझ्या गप्प राहण्यामुळे वाढली होती. आणखी एक गोष्ट सिस्टरांनी मला त्या वेळी समजावून सांगितली, ती आजही टोचते. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही, त्यामुळे आमच्या बहुतेक मुलांना ती दिलेली नव्हती. परंतु संसर्ग झाल्यापासून तीन ते पाच दिवसांच्या आत दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. त्या मोजक्या दिवसांतले दोन मी खाल्ले होते.

दोन आठवड्यांनी दुसरी फळी पडली. नऊ मुले एकापाठोपाठ आजारी झाली.

याच सुमारास पलीकडच्या गल्लीत रंगीत फलक लावून एक नवे पाळणाघर उघडले होते. त्यांच्याकडून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर फिरला की, शहापुरातल्या ‘त्या घरात’ रोग आहे, जागा अस्वच्छ आहे, आमच्याकडे मात्र रोज फवारणी होते. मी लपवले, ही माझी चूक होती आणि ती मी प्रत्येक पालकाच्या दारात जाऊन कबूल केली. पण कांजिण्या घाणीतून येत नाहीत. त्या श्वासातून आणि फोडांतल्या पाण्यातून पसरतात, तेही पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून. फिनेलने पुसलेली फरशी त्याला काय करणार? ज्या घरात दिवसातून तीनदा फरशी पुसली जाते त्याला अस्वच्छ म्हटलेले मी आजवर विसरलेले नाही. एप्रिल संपेपर्यंत सतरापैकी सहा मुले उरली. माझ्या भिशीचा नंबर मी आधी मागून घेतला आणि दोन्ही मदतनीस मावशींचे पगार त्यातून भागवले; जाऊबाईंनी पाच महिने एक रुपयाही उचलला नाही. कर्जाचे तीन हप्ते थकले.

सिस्टरांचा मुलगा तोवर पहिलीत गेला होता आणि शाळा सुटल्यावर आमच्याकडे येत असे. त्यांनी त्याला काढले नाही. एका रविवारी उरलेल्या पालकांना आमच्या ओसरीवर बसवून त्यांनी स्वतः बोलणे केले आणि त्यातून आमचा नियमांचा कागद तयार झाला. आज प्रवेश घेताना पालकांची सही ज्यावर होते तो हाच, मराठीत आणि कानडीत, कारण गोवर म्हणजे दडार हे दोन्हींकडच्या आजींना कळले पाहिजे.

त्यातला पहिला नियम माझ्यासाठीच आहे. कोणत्याही मुलाला संसर्गाचा आजार असल्याचे कळले की त्याच संध्याकाळी आजाराचे नाव सर्व पालकांना कळवायचे आणि मुलाचे नाव कुणालाही सांगायचे नाही. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत मूल घरी राहील. गोवर असेल तर पुरळ आल्यापासून चार दिवस. गालगुंड असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस. जुलाब किंवा उलट्या थांबल्यानंतर दोन दिवस. आणि ताप औषधाशिवाय पूर्ण एक दिवस उतरलेला असला पाहिजे. ज्या निरोगी मुलांचा संबंध आला त्यांना आम्ही सरसकट घरी बसवत नाही, कारण कांजिण्यांसाठी तीन आठवडे कामावर न जाणे कुठल्याच आईला परवडत नाही. त्याऐवजी माजघरातल्या कालनिर्णयवर संबंध आलेल्या दिवसापासून दहावा ते एकविसावा दिवस पेन्सिलने गोल करायचे, आणि त्या दिवसांत प्रत्येक मुलाचे पोट, पाठ आणि डोके दारातच, उजेडात पाहायचे. आई गरोदर असेल तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगायचे. कांजिण्यांच्या तापात ॲस्पिरिन कदापि द्यायचे नाही, हेही त्या कागदावर आहे.

खरी अडचण तापाची असते. सकाळी साडेआठला मूल हसत येते, अंगाला जराशी कसर लागते, आई घाईत असते. साडेबाराच्या सुमारास तेच मूल वरणभाताची वाटी दूर लोटते, कान लाल होतात आणि काखेतला थर्मामीटर १०२ दाखवतो. सकाळी घरून पाजून आणलेल्या पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तासांत ओसरतो, हे गणित आम्हांला तोंडपाठ आहे. आधी मला अशा आयांचा राग येई. मग लक्षात आले की त्या दिवशीची रजा म्हणजे तिची एका दिवसाची मजुरी, आणि वर आमची फी चालूच. म्हणून आम्ही ठरवले की, आजारपणात घरी ठेवलेल्या दिवसांची निम्मी फी पुढच्या महिन्यात वळती करायची. महिन्याला थोडी तूट येते. पण त्यानंतर दारात येऊन “काकू, रात्री ताप होता, पाजून आणलंय” असे खरे सांगणाऱ्या आया वाढल्या. नव्याने पाळणाघर काढणाऱ्या बायकांना मी हेच सांगते : खरे बोलणाऱ्या पालकाचे पैसे कापले जातील असा नियम करू नका, नाहीतर आजार तुम्हांला सर्वांत शेवटी कळेल.

साहित्याबद्दलही सांगते. कपाळावर रोखायचे बंदुकीसारखे यंत्र कोरोनात आले, आणि पावसात भिजून किंवा उन्हातून आलेल्या मुलावर ते भलतेच आकडे दाखवते. काखेत लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, आणि काखेत ९९.५ च्या वर गेले की ताप समजावा. खेळण्यांसाठी पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट एक लिटर पाण्यात वीस मिलिलिटर टाकावे, दहा मिनिटे ओले ठेवावे आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे. हे द्रावण रोज ताजे करावे, कारण दुसऱ्या दिवशी त्याचा जोर राहत नाही. आणि संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. रुमाल टांगायच्या खुंट्यांवर आकड्यांऐवजी चित्रे लावावीत, कारण दोन वर्षांच्या मुलाला पोपट ओळखता येतो, सात येत नाही.

सीमाभागातली एक अडचण बाहेरच्यांना ठाऊक नसते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, आणि ते माहेर बहुधा महाराष्ट्रात असते. बाळाच्या सुरुवातीच्या लसी तिकडच्या कार्डावर नोंदतात, पुढच्या इथल्या आरोग्य केंद्रात तायी कार्डावर (कर्नाटकातले आई-बाळाचे कार्ड), आणि मधला गोवर-रुबेलाचा डोस दिला की राहिला हे दोन्हींवरून नीट कळत नाही. नऊ ते बारा महिन्यांतला आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला असे दोन्ही डोस मी स्वतः दोन कार्डे शेजारी ठेवून तपासते, आणि शंका असेल तर प्रवेशाआधी आरोग्य केंद्रात पाठवते. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटी-पीसीआरचा अहवाल मागत, तेव्हा आजोळी गेलेली मुले तिकडेच अडकून पडली. त्याआधीचे २०२० चे महिने तर कुलूपच होते. त्याचे दुःख सगळ्यांसारखेच होते.

२०१८ च्या पावसात मात्र वेगळे घडले. हात, पाय आणि तोंडात फोड येणारा आजार त्या पलीकडच्या पाळणाघरात पसरला, आणि तिथून चार पालक माझ्याकडे आले. तोंडात फोड असल्याने लाळ गळणाऱ्या, ताप असलेल्या दोघांना मी परत पाठवले. फोड सुकल्यावर घेतले. हा विषाणू शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून तितके दिवस मूल घरी ठेवा असे म्हणण्यात अर्थ नसतो. हात धुण्यावरच भर द्यावा लागतो. त्या पालकांना तिथे आजाराचे नाव कुणी सांगितले नव्हते. मी ग्रुपवर एक अक्षर लिहिले नाही.

आज बावीस मुले आहेत, कर्ज २०१९ मध्येच फिटले, आणि जाऊबाई गुडघ्यांमुळे आता फक्त दुपारी येऊन गोष्ट सांगतात. गेल्या फेब्रुवारीत पलीकडच्या पाळणाघराच्या बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे कांजिण्यांचे पहिले मूल सापडले होते आणि पालकांना काय लिहावे ते त्यांना कळत नव्हते. मी दोन्ही भाषांतला मसुदा त्याच संध्याकाळी पाठवला आणि गरोदर आयांना आधी फोन करा असे सांगितले. त्यांनी आभार मानले. २०१६ च्या त्या मजकुराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी विषय काढला नाही.