प्रयोगाआधीची पन्नास मिनिटे

नाशिकला मी एका मदतीच्या प्रयोगासाठी गेले होते. पुण्याहून निघालेली एसटी नारायणगाव, संगमनेर, सिन्नर मागे टाकत वेळेवर आली आणि द्वारका चौकाच्या कोंडीत अडकली, याहून अधिक त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून शिकण्यासाठी शहरात येणाऱ्या मुलींच्या वसतिगृहाला मदत म्हणून एका हौशी संचाने सार्वजनिक वाचनालयाच्या परशुराम सायखेडकर नाट्यगृहात प्रयोग ठेवला होता. देणगी प्रवेशिका तीनशे रुपयांची होती, आणि महाविद्यालयातले आम्ही चौघे त्या निमित्ताने सहा वर्षांनी भेटत होतो.

प्रयोग सहाला सुरू व्हायचा होता. तो पन्नास मिनिटे उशिरा सुरू झाला, कारण प्रमुख पाहुणे आले नव्हते. चांगल्या कामासाठी पदरचे पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांना, त्यांतही म्हाताऱ्या माणसांना, असे ताटकळत ठेवणे मला मुळीच पटत नाही, आणि आयोजकांना मी ते नंतर स्पष्टपणे सांगितलेही. पण त्या पन्नास मिनिटांत जे घडले, त्यासाठीच हे लिहीत आहे.

आमच्या चौघांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज कुणी ना कुणी 'हे वाचा', 'हे बघा', 'हे ऐका' असे पाठवत असते. मी त्यातले जवळजवळ काहीच वाचत नाही, उलट न वाचताच पुढे पाठवते. हे मी त्या संध्याकाळी कबूल केले, तेव्हा नाशिकची मैत्रीण म्हणाली, "मग आज नुसती नावं नकोत. का वाचायचं, तेही सांगायचं."

धुळ्याच्या मित्राने 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा परेश मोकाशी यांचा २००९चा चित्रपट सुचवला. दादासाहेब फाळके १८७० साली इथल्याच त्र्यंबकेश्वरी जन्मले, १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाला करावी लागली, आणि त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवून केलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, हे सांगताना त्याचा आवाज इतका चढला की पुढच्या रांगेतले आजोबा वळून ऐकू लागले. मुंबईच्या मैत्रिणीने एका मुलाखतमालिकेचे नाव दिले. तिच्या आईची दृष्टी अधू झाली आहे. रोज रात्री ती दुसऱ्या दिवसासाठी एक भाग आईच्या फोनवर उतरवून ठेवते आणि सकाळी भाजी निवडता निवडता आई तो ऐकते. पॉडकास्ट म्हणजे तरुणांचे वेड, असे मी समजत होते. माझी ती समजूत चुकीची होती. दोन्ही नावे मी प्रवेशिकेच्या पाठीवर लिहून घेतली.

नाशिकच्या मैत्रिणीने मात्र पिशवीतून खाकी कव्हर घातलेले पुस्तकच काढले. ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' होते. "बाई इथल्याच, जलालपूरच्या," ती म्हणाली. वडिलांच्या कडक सोवळ्यात गेलेले बालपण, अकराव्या वर्षी लग्न, अक्षरओळख त्यानंतरची; नवऱ्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कोसळलेले आणि पुन्हा उभे राहिलेले घर, हे सगळे तिने थोडक्यात सांगितले. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा आत्मकथा अपुरी होती आणि पुढचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी, लिहून पूर्ण केला, हेही सांगितले. मग तिने मधलेच एक पान काढून अर्धे वाचून दाखवले. घरात बोलावे तशी ती भाषा होती.

आमच्या रांगेच्या टोकाला छातीवर बिल्ला लावलेली, पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी उभी होती. वसतिगृहातल्या मुलीच त्या दिवशी स्वयंसेविका होत्या. ती हळूच जवळ आली आणि तिने विचारले, "ताई, या बाई लग्नानंतर शिकल्या?"

"हो. आणि नंतर हे लिहिलं."

"माझी आई पण आता सही शिकली. मला बघू द्याल?"

पुस्तक खरे तर माझ्यासाठी आणलेले होते. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली. तिने पहिले पान उघडले, स्वतःच्या नावाखाली त्या मुलीचे नाव विचारून लिहिले आणि पुस्तक तिच्या हातात दिले. मुलीने ते ओढणीत गुंडाळून छातीशी धरले आणि त्याच हाताने, अडखळत, लोकांना जागा दाखवत राहिली. तेवढ्यात पाहुणे आले, भाषण झाले, तिसरी घंटा वाजली. प्रयोग चांगला झाला, विशेषतः दुसरा अंक.

रविवारी सकाळी पांडवलेण्यांच्या पायथ्याचे फाळके स्मारक पाहिले. उन्हामुळे लेण्यांच्या पायऱ्या चढले नाही. दुपारी पुस्तकांच्या दुकानात 'स्मृतिचित्रे'ची प्रत मिळाली. परतीच्या एसटीत सिन्नरपर्यंत खिडकीची जागा नव्हती, ती मिळाल्यावर पुस्तक उघडले. संगमनेरला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा मी खाली उतरले नाही.