तुम्ही विचारलंत म्हणून : या वयात तबला कशाला?

"काकू, आता या वयात तबला काहून शिकून राहिल्या?" भाजी घेताना, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही विचारतात, आणि लगेच पुढचा प्रश्न, डोकं तल्लख राहावं म्हणून का, मग मी रोज सुडोकू सोडवते त्यानं नाही का होत? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

सुडोकू आवडतं तर जरूर सोडवा. पण वर्षानुवर्षं तेच केलं की ते अंगवळणी पडतं, धरमपेठेतून बर्डीला जाताना पाय आपोआप वळतात ना, तसं. मेंदूला नवं पाहिजे आणि थोडं जड जाणारं पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. अमेरिकेत टेक्सासला डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीपुढच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला साधारण 15 तास, कोणाला डिजिटल फोटोग्राफी तर कोणाला गोधडीकाम शिकवलं, काही जण नुसते गप्पा-सहलींना जमायचे, काही घरी गाणी ऐकायचे, सोपी कोडी सोडवायचे. 2014 मध्ये निकाल छापून आला, स्मरणशक्तीत फरक पडला तो खरं काही शिकणाऱ्यांच्या.

आता माझा तबला. तीनताल हाताला लवकर बसतो, 16 मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, चार-चारचे सरळ भाग. मग सरांनी झपताल दिला. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. मात्रा 10च, पण भाग दोन-तीन-दोन-तीन असे, आणि हाताला तर चाराची सवय, तो चौथीवर थांबायला बघतो अन् ठेका पुढे निघून जातो. बोल तोंडानं म्हणायचे, टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर, सहावीवर खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात नुसता बाजूला न्यायचा. हे जमलं की सर म्हणतात, आता दुगुन. तेवढ्याच वेळात तेच बोल दोनदा! त्या वेळी कान, हात, जीभ सगळे एकाच जागी हजर लागतात, दुसरा विचार मनात शिरूच शकत नाही, आणि त्यासाठीच मी जाते. शेजारी पाचवीतली पोरं बसतात, माझी खाली चुकली की तीच सांगतात, मला फार आवडतं ते.

"आमची शाळाच नाही झाली बाई, आता काय होणार" असं म्हणणाऱ्यांना मी हैदराबादचं सांगते. तिथे डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या टीमनं डिमेन्शियाच्या, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याच्या आजाराच्या, 648 पेशंटची माहिती तपासली, 2013 मध्ये छापून आली, एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि अक्षरओळख नसलेल्यांमध्येसुद्धा हा फरक दिसला. आपल्या नागपुरात तर घरी मराठी, ऑटोवाल्याशी हिंदी, हे चालूच असतं. शेजारी तेलुगू बोलणारं कुटुंब असेल तर त्यांच्याकडून ती शिका ना.

शिकल्यानं आजार होतच नाही असं मात्र कोणी समजू नका. बीपी, शुगर सांभाळावीच लागते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काही करता येतं अशा 14 गोष्टी आहेत, त्यात कमी ऐकू येणंही आहे आणि एकटं पडणंही. ऐकू कमी यायला लागलं की माणूस हो-हो करत बसतो, मग बोलणंच सोडतो. म्हणून कान तपासून घ्या, मशीन सांगितली तर लावा, लाजायचं काय त्यात.

आणि काय शिकू असं विचाराल तर समोर शिकवणारा माणूस असेल असं काहीही, मग ते पोहणं असो की पेटी. तबलाच शिकायचा असेल तर आमच्या क्लासला या, सर मोठ्या माणसांनाही घेतात.