गच्चीवरच्या बादल्या: चिपाडाच्या मातीतला पहिला हंगाम

घर भाड्याचं, वर मोकळी गच्ची, आणि खर्चाला पाचशे-सव्वापाचशे रुपये. एवढ्यावर कोल्हापुरात बादल्यांमध्ये भाजी कशी आली याची ही नोंद. नवीन सुरू करणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून खर्चासकट लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगते. पैसे कुंडीत घालू नका, मातीत घाला. रंगवलेली महागडी कुंडी काय आणि रंगाची रिकामी बादली काय, मुळांना दोन्ही सारखीच. आत काय भरलंय यावर सगळं ठरतं.

मार्च ते मे: माती

भाजी लावली गणपतीनंतर, पण काम सुरू झालं उन्हाळ्यात.

नुसत्या मातीनं वीस लिटरची बादली भरून पाणी घातलं की ती पंचवीस-तीस किलोच्या घरात जाते. गच्चीवर जायचं म्हटल्यावर घरमालक काकांनी पहिल्यांदा स्लॅबच्या वजनाचंच विचारलं, आणि ते बरोबरच होतं. शिवाय नुसती माती बादलीत टिकत नाही. प्रत्येक पाण्याबरोबर ती दबत जाते, वर पाणी तुंबतं, खाली हवा उरत नाही आणि मुळं कुजतात. त्यामुळे माती हलकी करणं भागच आहे. बहुतेक जण त्यासाठी कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, विटा आणतात. कोकोपीट चांगलंच आहे, पण विकत घ्यावं लागतं आणि त्यात झाडाचं अन्न जवळजवळ नसतं.

आमच्याकडे उन्हाळ्यात रस्तोरस्ती रसवंती लागते आणि तिच्या मागं चिपाडाचा, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्याचा, ढीग. विचारलं तर पोतं भरून फुकट देतात. कोल्हापुरात राहून प्रयोग परिवार हे शेतीत प्रयोग करणाऱ्यांचं जाळं उभं करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी हेच लोकांच्या मनावर बिंबवलं होतं: ऊन, पाणी आणि आसपासचा पालापाचोळा एवढ्यातून घरच्या घरी माती तयार होते, स्वतः करून बघा. तासगावच्या द्राक्षवाल्यांपासून गच्चीवर भाजी लावणाऱ्यांपर्यंत अनेकांनी ते करून बघितलं. त्याच वाटेनं जायचं मी ठरवलं.

ताजं चिपाड थेट बादलीत भरायचं नाही, हे नवख्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. त्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी. ते कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र मातीतून ओढून घेतात, आणि रोपाची खालची पानं पिवळी पडायला लागतात. झाडाला खत कमी पडलं असं वाटतं, पण झाडाच्या वाट्याचं खत जिवाणू खात असतात. म्हणून चिपाड आधी कुजवून घ्यायचं.

पद्धत सोपी आहे. चिपाडाला साखर चिकटलेली असते, तिच्यावर मुंग्या आणि चिलटं येतात. ते एकदा पाण्यातून काढून दोन दिवस उन्हात टाकलं. मग विळीवर बोटभर लांबीचे तुकडे केले. जुन्या सिमेंटच्या पोत्यात एक थर चिपाड, वर शेणकाला, मग सुका पाला, पुन्हा चिपाड, असं भरत गेले. पोत्याला सळईनं भोकं पाडली. ओल किती हवी? मूठभर उचलून घट्ट दाबलं तर बोटांच्या फटीत थेंब दिसावा, धार लागू नये. काही दिवसांत पोत्यात हात घातला की आतून चांगलंच गरम लागतं. तो गरमपणा ओसरला की सगळं बाहेर काढून वरखाली करायचं आणि पुन्हा भरायचं. उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत चिपाड काळपट तपकिरी होतं, चिमटीत धरून ओढलं की धागा तटकन तुटतो, आणि वास ओल्या मातीचा येतो. आंबूस वास आला तर अजून वेळ आहे.

शेणखत गवळ्याकडून आणलं, साठ रुपयाला पोतं. आमच्या भागात ऊस भरपूर, आणि कच्च्या शेणखतातून हुमणी, म्हणजे उसाची आणि इतर पिकांची मुळं खाणारी अळी, येण्याची भीती असते. बादलीत एक हुमणी शिरली तरी अख्खं रोप मुळापासून खाऊन टाकते. म्हणून खत उन्हात पातळ पसरलं, खुरप्यानं उलटंपालटं केलं, मग चाळलं. पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या जाड अळ्या दिसल्या की वेचून काढायच्या. साळुंक्यांनी त्यातल्या बऱ्याच संपवल्या.

मिश्रण ठरलं ते असं: दोन घमेली कुजलेलं चिपाड, एक घमेलं शेणखत, एक घमेलं माती, ओंजळभर निंबोळी पेंड, मूठभर चुलीची राख. याची भरलेली बादली भिजल्यावरही एकटीला उचलून हलवता येते. भाड्याच्या घरात ही फार मोठी सोय आहे, आणि ऊन सरकेल तशा बादल्या सरकवताही येतात.

बादल्या

रंगाच्या दुकानातून वीस लिटरच्या पांढऱ्या बादल्या चाळीस रुपयाला एक अशा सहा घेतल्या. पाण्यातल्या रंगाच्या बादल्या धुऊन स्वच्छ होतात. औषधाच्या किंवा केमिकलच्या कॅनमध्ये मात्र खायचं काही लावू नये, कितीही धुतले तरी. पांढरा रंग मुद्दाम निवडला, कारण काळी बादली उन्हात तापते आणि कडेची मुळं भाजून निघतात. भोकं तळाला न पाडता कडेला, तळापासून बोटभर वर पाडली. खाली थोडं पाणी साठून राहतं आणि दुपारी झाडाला उपयोगी पडतं. खाली विटांचे तुकडे ठेवल्यामुळे स्लॅब कोरडा राहतो. काकांनी पावसाळ्यात दोनदा वर येऊन पाहिलं आणि मग पुढं काही म्हटलं नाही.

पालेभाजीला मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके. वीतभर खोली पुरते, आणि ते फुकट मिळाले.

जुलै, ऑगस्ट

कोल्हापूरचा पाऊस. ऊन नाही, माती सतत गच्च. खोक्यांवर प्लास्टिक टाकून पोकळा तेवढा जगवला. नवख्यांनी सुरुवात या दिवसांत न केलेली बरी.

गणपतीनंतर: पालेभाज्या

सुरुवात पालेभाजीनंच करावी. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात खायला येते, आणि रोज वर जाऊन बघायची ओढ लागते. स्वयंपाकघरातल्याच मेथ्या रात्रभर भिजवून पेरल्या. मिळालेलं पहिलं ऊन कोवळं होतं, तरी मेथी दाट आली.

कोथिंबिरीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच ऐकू येतात. धना म्हणजे एक फळ आणि आत दोन बिया. अख्खा पेरला तर तो उशिरा आणि विरळ उगवतो. कापडावर पसरून वर लाटणं हलक्या हातानं फिरवायचं. दोन पाकळ्या सुट्या झाल्या पाहिजेत, पीठ होता कामा नये. मग दिवसभर पाण्यात, आणि निथळून रात्रभर ओल्या फडक्यात. पेरताना वर माती पेरभरच. आठ ते बारा दिवस काहीच दिसत नाही, आणि इथंच लोक खोका उकरून बघतात. उकरू नका. वर ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि कोंब दिसले की त्याच दिवशी काढा. मंडईतले जवारी, म्हणजे गावठी, धने आणले होते, दहा रुपयांचे. जुडी लहान झाली, पण एक काडी चुरगळली तरी हाताला वास राहतो.

पोकळा तर देतच राहतो. मुळासकट उपटला तर एकदाच भाजी. बुडापासून दोन-तीन पेरं ठेवून वरचा शेंडा खुडला की प्रत्येक पानाच्या बेचक्यातून नवा फुटवा येतो. शेजारच्या मावशींनी हे दाखवलं. त्या माहेरी शिरोळला असताना परड्यात असाच खुडायच्या.

ऑक्टोबर

टोमॅटोची रोपं नर्सरीतून आणली, ट्रेमधली. चार-पाच रोपांसाठी बियांचं पाकीट घेणं परवडत नाही. मिरचीची मात्र घरीच केली, जवारी मिरचीच्या बियांपासून. टोमॅटो लावताना खालची पानं काढून खोड थोडं खोल पुरलं. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात आणि रोप तोलून धरतं. एका बादलीत एकच रोप. गच्चीवर जागा दिसते म्हणून दोन लावायचा मोह होतो, तो आवरावा.

ऑक्टोबरच्या उन्हात पहिली फुलं गळाली. दिवस फार तापला किंवा रात्री उबदार राहिल्या तर टोमॅटोला फळ धरत नाही. यावर कुठलंही टॉनिक लागत नाही. थंडी पडली की फळ आपोआप धरतं, आणि तसंच झालं. फुलांवर मधमाश्या कमी दिसल्या तर सकाळी उशिरा फुलाच्या देठाला टिचकी मारायची. टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पराग झडला की काम होतं.

दिवाळीनंतर: कीड आणि पाणी

मिरचीच्या शेंड्याला मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला. आधी दिसल्या मुंग्या, बादलीच्या कडेनं रांग धरून वर जाणाऱ्या. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात माव्याची राखण करतात. म्हणून मुंग्यांची रांग दिसली की पानाची मागची बाजू पहावी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बराच मावा गेला. उरलेल्यावर निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायची. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

एका शेंड्यावर मात्र फवारलं नाही. तिथं राखाडी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी फिरत होती. बऱ्याच जणांना ती कीड वाटते आणि ते मारून टाकतात. ती ढालकिड्याची अळी, मावा खाऊनच वाढते. आठवड्यात तो शेंडा स्वच्छ झाला. मिरचीची पानं वरच्या बाजूला वळून वाटीसारखी झाली तर ते फुलकिड्यांचं काम असतं, माव्याचं नाही, आणि तिथं उशीर करून चालत नाही.

टोमॅटोच्या दोन फळांच्या बुडाला काळा, खोलगट डाग आला. अशा वेळी लोक अंड्याची टरफलं घालायला सांगतात. फळाला कॅल्शियम कमी पडतं हे खरं, पण बहुतेक वेळा ते मातीत असतं, फळापर्यंत पोहोचत नाही, कारण ते पाण्याबरोबरच वर चढतं. एक दिवस बादली कोरडी आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं झालं की ही वाट तुटते. टरफलं विरघळायला तर महिने जातात. उपाय पाण्याचाच. रोज सकाळी बोट दोन पेरं मातीत घालून पहायचं, आत कोरडं लागलं तरच पाणी, आणि द्यायचं तेव्हा कडेच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वर सुक्या चिपाडाचा थर पसरला. त्यानंतरची फळं स्वच्छ आली.

खुराक म्हणून पंधरवड्याला मूठभर शेणखत आणि सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेती पद्धतीचं जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी. मोठं प्रमाण दोनशे लिटरचं असतं, घरी दहा लिटरला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती पुरते. दोन दिवस सावलीत, सकाळ-संध्याकाळ ढवळून. केळ्याच्या सालींच्या पाण्यात फारसं काही उतरत नाही. साली चिपाडाच्या पोत्यातच टाकाव्यात.

खर्च

बादल्या 240, शेणखत दोन पोती 120, निंबोळी पेंड 45, बियाणं 85, रोपं 20. एकूण 510 रुपये. बांबूच्या काठ्या मांडववाल्याकडून फुकट मिळाल्या. बादल्या आणि माती पुढच्या हंगामालाही चालणार, म्हणजे पुढचा खर्च बियाण्याचा आणि थोड्या खताचा.

संक्रांत

मेथी-पोकळ्याची भाजी आठवड्यातून दोनदा घरची. कोथिंबीर विकत आणणं बंद. टोमॅटो रोज दोन-तीन पिकतात. भोगीच्या भाजीत घरचा पावटा नव्हता, पण मिरच्या आणि कोथिंबीर गच्चीवरची होती.

थंडीत सूर्य दक्षिणेकडं कलतो, त्यामुळे पॅरापेटची सावली लांबली आणि त्या कडेच्या दोन बादल्या मागं पडल्या. त्या मध्ये ओढून घेतल्या आहेत.

आता उन्हाळी भेंडी. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं परभणी क्रांती वाण आणून ठेवलंय, कारण भेंडीच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या हळद्याला ते बऱ्यापैकी तोंड देतं. फेब्रुवारीत थंडी कमी झाली की पेरणार, टोमॅटोच्या दोन बादल्या रिकाम्या करून. त्या मातीत टोमॅटो, मिरची, वांगं लगेच परत लावायचं नाही. जुनी मुळं काढून, माती उन्हात वाळवून, तीन घमेल्यांना एक घमेलं नवं कुजलेलं चिपाड मिसळायचं. रसवंत्या सुरू व्हायला लागल्यात, पहिलं पोतं या रविवारी आणायचं आहे.