आमची वाटचाल : युरोचं वेगळं खातं

आबांनी शिरोली एमआयडीसीत दोन लेथवर शेड सुरू केलं, तेव्हा आमचे पंपाचे सुटे भाग पुण्यापलीकडे जात नव्हते. आज चार सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं) आहेत आणि निम्मा माल जर्मनीला जातो. कर्ज, मशिनरी, कोरोना हे सगळ्यांनीच भोगलंय, ते सोडतो. सांगायचंय ते बँक खात्याचं, कारण सगळ्यात जास्त शेण आम्ही तिथं खाल्लं.

पहिल्या जर्मन ऑर्डरचं बिल ९,६०० युरोचं. खात्यावर रुपये आले, पण कमी. हिशेब धाकटी बहीण बघते. तिनं स्विफ्टची, म्हणजे बँकांनी एकमेकींना पाठवलेल्या पैशाच्या संदेशाची, प्रत मागवली, तर खर्च कुणाचा ते सांगणाऱ्या ७१ए च्या रकान्यात ‘एसएचए’. म्हणजे पाठवणाऱ्या बँकेचा खर्च ग्राहकाचा, पुढचा आपला. वाटेतल्या बँकेनं २२ युरो कापले होते. त्यावर आठवडाभर बोंब मारली. रुपये करताना युरोमागं बाजारभावापेक्षा सव्वा रुपया कमी मिळाला होता, म्हणजे जवळपास १२,००० रुपये, ते मात्र आधी दिसलेच नाहीत!

पंधरा दिवसांनी सीएनसीच्या इन्सर्टचं (धातू कापणाऱ्या पात्यांचं) बिल आलं, तेही जर्मनीहून, युरोतच. आता युरो विकत घ्यायचे, आणि या वेळी भाव बाजारापेक्षा वर. आबा म्हणाले, “सकाळी घरची ज्वारी विकायची आणि सांजच्याला दळणाला तीच इकत आणायची, असलं झालं की रं हे.”

एका पेमेंट कंपनीनं युरोपातला खाते क्रमांक देऊ केला. ग्राहकाला सोयीचं होतं, पण आमच्या हातात शेवटी रुपयेच पडणार होते. मग सीएंनी ईईएफसी, म्हणजे परकीय चलनाचं खातं सुचवलं. निर्यातीचं सगळं परकीय चलन त्याच चलनात ठेवता येतं, चालू खातं, व्याज शून्य. मी खूश. भाव चढला की विकू! त्यांनी तिथंच हवा काढली. या महिन्यात जमा झालेले युरो पुढच्या महिनाअखेरपर्यंत रुपयांत करावेच लागतात, ठरलेल्या देण्यांपुरते सोडून. २०१२ पासूनचा नियम. “सट्टा खेळायचा असेल तर दुसरं काही बघा,” म्हणाले.

अडचण वेगळीच निघाली. आबांचं तीस वर्षांचं खातं सहकारी बँकेत, आणि तिच्याकडे या व्यवहाराचा परवाना नव्हता. आबा दोन दिवस गप्प होते. शेवटी पगाराची आणि घरची खाती तिथंच ठेवायची ठरली, तेव्हा सही केली.

तीन बँका फिरलो. मिनिमम बॅलन्स, मोबाइल ॲप यांची माहिती सगळे देत होते. आम्ही एवढंच विचारत होतो : बाजारभावावर किती पैसे घेणार, ते लिहून देता का? दोघांनी “नातं वाढलं की बघू” म्हटलं. तिसरीनं ईमेलवर युरोमागं ३० पैसे लिहून दिले, शिवाय त्या शाखेत फॉरेक्सचं, म्हणजे परकीय चलनाचं काम कळणारी एक बाई होती. खातं तिथं उघडलं. ग्राहकालाही ‘ओयूआर’ने, म्हणजे सगळा खर्च त्याच्याकडे घेऊन, पैसे पाठवायला सांगितलं, त्यानं कुरकुर न करता ऐकलं.

डॉलरचं खातं सोबत उघडलं ती घाई झाली. प्रत्येक चलनाचं खातं वेगळं, आणि अमेरिकेचे व्यवहार वर्षाला चार.

बहिणीनं ऑफिसात फळा लावलाय : आलेले युरो, जाणारे युरो, विकायची तारीख. आबांना बाकी काही वाचायचं नसतं, पण जाता-येता विकायच्या तारखेवर बोट ठेवून विचारतात, “हे झालं का?”