ईटीपीची लाइन कोण खात होतं? – माझा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या डायहाऊसमध्ये, म्हणजे रंगाईच्या कारखान्यात, मी मेंटेनन्स बघतो. सांडपाण्याच्या हौदापासून ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला) जाणारी आमची लोखंडी लाइन सारखी गळायची. एका जागी क्लॅम्प मारला की हातभर पुढे नवी धार. भोक सुईच्या टोकाएवढं, आणि नेमकं पाइपच्या तळाला.

"ॲसिडनं खाल्लंय," असं सगळ्यांचं मत. मला पटेना. हौदातलं पाणी पीएच पट्टीवर कधी आम्लाकडे गेलं नव्हतं, ॲसिड पडतं ते पुढे ईटीपीत. शिवाय ॲसिड पाइप सगळीकडून पातळ करतं, असं एकेक भोक उकरत बसत नाही.

शेवटी एक तुकडा कापून काढला. फिटर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "सायेब, ह्यात काय मेलंय का बघा की!" आत तपकिरी गाठी. फोडल्या की काळा चिखल, सडक्या अंड्याचा वास, आणि चिखल खरवडल्यावर खाली चकचकीत खड्डा. त्या काळ्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकून वर लेड ॲसिटेटचा ओला कागद धरला, तो काळा पडला, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू निघाला. तेव्हा तो चिखल आयर्न सल्फाइडचा. पण तेवढ्यानं जंतू सिद्ध होत नाहीत, म्हणून बाटली काठोकाठ भरून, हवा न ठेवता, नमुना लॅबला दिला. उत्तर आलं : सल्फेट-रिड्यूसिंग बॅक्टेरिया.

हे जंतू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हे लोखंड कसं खातात याची पहिली मांडणी नेदरलँड्समध्ये १९३४ सालीच झाली होती. आमच्याकडे तर त्यांची चंगळ! रंगाईत ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट. डिसायझिंगमधून, म्हणजे सुताची खळ काढताना, उतरलेली कांजी खायला. आणि सुट्टीच्या दिवशी लाइनीत साचलेलं, हवा नसलेलं पाणी.

केमिकलवाल्यानं लगेच बायोसाइड, म्हणजे जंतू मारायचं औषध, सुचवलं. एरवी कूलिंग टॉवरला तेच करतात. पण पुढच्या ईटीपीतल्या एरेशन टँकमधले (हवा सोडून पाणी शुद्ध करायच्या टाकीतले) आपले कामाचे जंतू मेले, तर सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, कोण उतरवणार? तो नाद सोडला. जमिनीखालचा भाग एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिक पाइपचा केला. उरलेली लाइन ब्रशनं घासली, कारण गाठींखाली कुठलंही औषध नीट पोचत नाही. उतार सुधारून तळाला ड्रेन व्हॉल्व्ह बसवला. सुट्टीआधी लाइन धुऊन रिकामी होते. हौदात हवा सोडायला ब्लोअर लावला.

हौदाच्या झाकणाखालचं सिमेंटही भुसभुशीत झालं होतं. वर चढलेल्या हायड्रोजन सल्फाइडपासून ओल्या भिंतीवर दुसरेच जंतू सल्फ्युरिक ॲसिड बनवतात. म्हणजे ॲसिडवाले अगदीच चुकले नव्हते! तिथे इपॉक्सी मारायचं आहे. पण गॅस मीटर आणि ब्लोअरशिवाय मी कुणाला आत उतरू देत नाही. हा वायू जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं की हौद स्वच्छ आहे.