काउंटर थांबेना

आमच्या तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये पीटी-आयएनआरला, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या तपासणीला, येणारी माणसं ठरलेली असतात. आयएनआरचा आकडा जितका मोठा, तितकं रक्त उशिरा गोठतं. कुणाची हृदयाची झडप बदललेली, कुणाचे ठोके अनियमित, कुणाच्या पायाच्या शिरेत कधीतरी गुठळी झालेली. सगळ्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. सकाळी रक्त द्यायचं, दुपारी रिपोर्ट घ्यायचा, डॉक्टर सांगतील तेवढी गोळी संध्याकाळी घ्यायची. बरेचजण संध्याकाळीच गोळी घेतात ते याचसाठी, त्या दिवशीच्या आकड्याप्रमाणे डोस बदलता येतो.

वस्तीवरच्या एक काकू त्यातल्याच. लहानपणी सांधे धरणारा ताप आला, त्यात झडप खराब झाली आणि पुढे पुण्यात ऑपरेशन होऊन धातूची झडप बसली. धातूच्या झडपेवर रक्त साकळायला बघतं, म्हणून असीनोकोमॅरॉल ही रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. त्यांचा आयएनआर अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा असतो. गोळी न घेणाऱ्या माणसाचा साधारण एक येतो.

त्या सोमवारी काकू आल्या त्या थकलेल्या दिसत होत्या. मी निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं. त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं आणि ती रेषेपर्यंत भरावीच लागते, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. रक्त कमी पडलं की आकडा खोटा वाढतो. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, वेगळा केला, यंत्रात ठेवला, तो गोठवणारं रसायन म्हणजे रीएजंट टाकलं आणि सेकंद मोजायला सुरुवात झाली. निरोगी माणसाचा प्लाझ्मा बारा-चौदा सेकंदांत गोठतो, काकूंचा एरवी पस्तीस-चाळीसपर्यंत. त्या दिवशी साठ झाले, नव्वद झाले, एकशे वीस झाले, तरी काउंटर थांबेना.

असं झालं की आधी नमुन्यावर संशय घ्यायचा. ट्यूब पाहिली, बरोबर रेषेपर्यंत भरलेली होती. रोजचं कंट्रोल, म्हणजे किती वेळात गोठतो हे आधीच माहीत असलेला नमुना, लावून पाहिलं, ते वेळेत गोठलं. म्हणजे यंत्र ठीक, रीएजंटही ठीक. काकू अजून बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांना आत बोलावलं, तर मघाच्या टोचणीवरचा कापूस लाल भिजलेला! अर्धा तास होऊन गेला होता. दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त घेतलं आणि ती जागा दाबून धरत विचारलं, "काकू, मागच्या वेळेपासून औषधात काही बदल?"

"नाही गं बाई, गोळी तीच, तेवढीच."

"आणखी कुठली गोळी, इंजेक्शन?"

तेव्हा कळलं. आठवड्यापूर्वी त्यांना जुलाब लागले होते. जवळच्या दवाखान्यात मेट्रोनिडॅझोल मिळालं. अंग ठणकतंय म्हटल्यावर कमरेत दुखण्याचं इंजेक्शनही मिळालं. जेवण जवळजवळ बंदच होतं. रक्ताच्या गोळीचं तिथे कुणी विचारलं नाही आणि काकूंनीही सांगितलं नाही. जुलाबाचा आणि झडपेचा काय संबंध, असं त्यांना वाटलं. कुणालाही वाटेल.

संबंध मोठा आहे. ही गोळी यकृतात मोडली जाते आणि मेट्रोनिडॅझोल तिथेच आडवं येतं, त्यामुळे डोस तोच असूनही रक्तात तिचं प्रमाण वाढत जातं. वर जेवण नाही, म्हणजे गोळीच्या उलट काम करणारं व्हिटॅमिन केही पोटात जात नाही. दुखण्याचं औषध रक्तातल्या प्लेटलेटना लुळं पाडतं, जठराला इजा करतं. त्यात सुई खोल स्नायूत गेलेली. काकूंनी पदर बाजूला करून दाखवलं, कमरेपासून मांडीपर्यंत काळंनिळं पसरलं होतं, हात लावला तर टणक लागत होतं.

दुसरा नमुनाही गोठला नाही. असा रिपोर्ट कागदावर छापून दुपारपर्यंत ठेवायचा नसतो. मी तिथूनच काकूंच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते डोकं दुखतंय का, उलटी झाली का, शौचाला काळं होतं का. सुदैवाने यातलं काही नव्हतं, पण ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं. गोळी थांबवायला सांगून त्यांनी काकूंना तडक ॲडमिट करून घेतलं.

काकूंच्या मुलाचं म्हणणं होतं, व्हिटॅमिन केचं भरपूर इंजेक्शन देऊन टाका. डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं. धातूची झडप असलेल्याला ते मापूनच द्यावं लागतं. जास्त झालं तर पुढे कित्येक दिवस गोळी लागू पडत नाही आणि झडपेवर गुठळी होऊन ती अडकू शकते. काकूंना प्लाझ्मा चढवला, व्हिटॅमिन के अगदी थोडं दिलं आणि रोज आयएनआर केला. रोजचा नमुना माझ्याकडेच यायचा. काउंटर पुन्हा चाळिशीच्या आत थांबला तेव्हा मला किती बरं वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही.

मुलाने मोबाईलवर काहीतरी वाचलं होतं. "ताई, हे उंदराचं औषध आहे म्हणे?" प्रश्न रास्त होता. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात सडलेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. त्यातला दोषी पदार्थ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत वेगळा काढला गेला. त्याच कामातून वॉरफरिन आलं, १९४८ मध्ये उंदरांसाठी आणि १९५४ मध्ये माणसांसाठी. काकूंची गोळी त्याच कुळातली. माझं त्याला एवढंच सांगणं होतं की माणसासाठी ती औषध राहते ती मापामुळे, आणि ते माप बरोबर आहे की नाही हे आयएनआर सांगतो.

घरी जाण्याआधी काकूंचे प्रश्न संपत नव्हते. मेथी, पालक सोडू का? सोडायचं नाही, पण महिनाभर काही नाही आणि मग आठवडाभर रोज, असंही करायचं नाही. गोळी चुकली तर? त्याच दिवशी आठवली तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अंग दुखलं तर? डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, तेही थोडे दिवस. दात काढायचा असला, काढा-चूर्ण घ्यायचं असलं तरी आधी फोन. कुठल्याही दवाखान्यात बसताक्षणी गोळीची नि आयएनआरची नोंद असलेली डायरी टेबलावर ठेवायची आणि कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही.

शेवटचा प्रश्न मात्र त्यांनी जरा रागानेच विचारला. शेजारच्या आजोबांनाही रक्त पातळ करायची गोळी आहे, नवी, त्यांना महिन्याला सुई टोचून घ्यावी लागत नाही. मग मलाच का? डॉक्टर म्हणाले, आजोबांचे ठोके अनियमित आहेत, झडप त्यांची स्वतःची आहे. धातूच्या झडपेवर डॅबिगॅट्रान ही तसली नवी गोळी वापरून पाहिली तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून २०१२ साली तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. काकूंनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पुढच्या सोमवारी किती वाजता येऊ?"