एका बुडीत एक ओळ

मानपत्राच्या छापील प्रतीत सत्कारमूर्तींचं आडनावच चुकलं होतं. सत्कार संध्याकाळी सहाला आणि चूक लक्षात आली ती त्याच दिवशी सकाळी. संस्थेचे कार्यवाह, ज्यांना दांडिया बाजारात सगळेच नाना म्हणतात, साडेनऊच्या सुमारास माझ्या खोलीचा जिना चढून वर आले. वय ऐंशीच्या पुढे, मे महिना, आणि वडोदऱ्याचं ऊन तेव्हाच चटके द्यायला लागलेलं. पाणीसुद्धा न घेता त्यांनी काखेतली गुंडाळी सोडली. आत हातकागदाचा एक मोठा ताव होता, चारी कडांना वेलबुट्टी रंगवलेली. छापील मानपत्र त्यावर चिकटवायचं ठरलं होतं.

"बेटा, पुन्हा छापून घ्यायला आता वेळ नाही. यावर तूच हाताने लिही. शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या हातात चुकीच्या आडनावाचा कागद द्यायचा नाही."

ताव एकच होता. वेलबुट्टी काढणारा कलाकार बाहेरगावी गेलेला. एकदा टाक टेकवला की माघार नाही, असं ते काम होतं.

सुलेखन हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरची नावं, शाळांची प्रमाणपत्रं, मानपत्रं. वडोदऱ्यात हे काम कधी गुजरातीत येतं, कधी मराठीत, आणि टाकाने लिहिणाऱ्याच्या हाताला या दोन लिपींतला फरक लगेच कळतो. गुजरातीला शिरोरेषा नाही. अक्षरं सुटी उभी राहतात, त्यामुळे शाई दोन अक्षरांच्या मध्ये संपली तरी नव्या बुडीचा, म्हणजे टाक पुन्हा शाईत बुडवल्याचा, सांधा सहसा दिसत नाही. देवनागरीत तो लपत नाही. शब्दाच्या डोक्यावरून जाणारी आडवी रेघ भरपूर शाई खाते, आणि ती मध्येच फिकी पडून पुन्हा काळी झाली की वाचणाऱ्याची नजर तिथेच अडखळते. त्यात मानपत्राची भाषा! पावणेदोनशे शब्दांचा मजकूर, आणि त्यात 'ज्ञानदानाच्या', 'विद्यार्थिवर्गाच्या', 'कृतज्ञतापूर्वक' असे लांबलचक शब्द ओळीओळीला. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या परंपरेचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात होता. ते एकच वाक्य चार ओळी चाललं होतं.

सुदैवाने गुंडाळीत त्याच तावाची कापून उरलेली पट्टी निघाली. ती नसती तर मी हे काम हातात घेतलं नसतं. ज्या कागदावर लिहायचं त्याच कागदावर हात चालवून पाहिल्याशिवाय टाकाचं काही सांगता येत नाही. दीड मिलिमीटर रुंदीच्या चपट्या निबेने मी पट्टीवर मजकुराची पहिली ओळ लिहिली. पहिला शब्द गच्च काळा, दुसरा करडा, आणि तिसऱ्याची शिरोरेषा अर्ध्यातच ओरखड्यासारखी कोरडी. या हिशोबाने अख्ख्या तावावर काळे-करडे पट्टे उमटले असते.

फाइन आर्ट्सची एक विद्यार्थिनी माझ्याकडे अक्षर शिकायला येते. ती म्हणाली, "ताई, जरा खोल बुडवून बघा ना."

हे सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. निबेला पोट नसतं. तिच्या खालच्या खोलगट अंगाला शाईचा एक थर पृष्ठताणाने चिकटून राहतो, तेवढाच तिचा साठा. मध्यावर जे छिद्र असतं त्याच्या किंचित वरपर्यंत शाई पोचली की निब भरली. त्याहून खोल बुडवलं तर जास्तीची शाई दांडीच्या तोंडाशी गोळा होते आणि पहिल्याच काण्याला थेंब होऊन कागदावर उतरते. एका बुडीत जास्त लिहायचं असेल तर शाई धरून ठेवायला जागा वाढवावी लागते, आणि ती कागदावर उतरण्याचा वेग कमी करावा लागतो. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत एवढंच करत बसलो होतो. घड्याळ पुढे पळत होतं आणि तावावर एक अक्षर नव्हतं. नाना मात्र एकदाही 'सुरुवात कर' म्हणाले नाहीत.

सुरुवात निबेपासून केली. पोलादी निबेला गंज चढू नये म्हणून कारखान्यातच तेलाचा किंवा वार्निशसारखा पातळ लेप दिलेला असतो. त्यावर शाई पसरत नाही, गोळे धरते. निब नवीच होती आणि मी ती एकदा धुतली होती, तरी जुन्या टूथब्रशने आणि टूथपेस्टने पुन्हा घासली. स्वच्छ झाली की नाही हे पाहायला ती साध्या पाण्यात बुडवायची. पाणी सगळ्या अंगावर सलग पातळ पसरलं तर ठीक, थेंब-थेंब होऊन राहिलं तर पुन्हा घासायची. काही जण काडीच्या ज्योतीवरून निब फिरवतात. मला ते पटत नाही, धग जास्त लागली तर पोलादाचं पाणी उतरतं आणि निब मऊ पडते.

कागदाचा प्रश्न मोठा होता. हातकागद सुंदर दिसतो, पण त्याला खळ कमी दिलेली असली तर तो शाई ओढून घेतो. निबेने काटकसर केली तरी कागद ती होऊ देत नाही. नानांनी पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा घोटलेला नाही. पूर्वी पोथीला घोटीव कागद लागायचा." माझ्याकडे खंभातहून आणलेला अकीकाचा गुळगुळीत दगड आहे, सोनेरी वर्खाच्या कामासाठी घेतलेला. तावावर पातळ कागद ठेवून, वेलबुट्टीला धक्का न लावता, मजकुराची जागा मी त्या अकीकाने घोटून काढली. घोटल्याने तंतू दबतात आणि पृष्ठभाग बसतो. खळीची जागा याने भरून निघत नाही, पण पट्टीवर फरक दिसला. शाईची पिसं फुटणं, म्हणजे रेघेच्या कडेने ती तंतूंत पसरणं, थांबलं आणि तीच बुडी अर्धा शब्द पुढे गेली.

मग शाई. विद्यार्थिनीने कपाटातून वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची बाटली काढली होती, ती मी परत ठेवायला लावली. तिच्यात लाखेचा अंश असतो. बेचाळीस अंशांच्या दुपारी ती निबेच्या चिरेतच वाळून बसली असती. साधी काजळी शाई घेतली आणि लहान वाटीत तिच्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी थेंबाथेंबाने मिसळत गेले. प्रत्येक थेंबानंतर पट्टीवर एक शब्द लिहायचा आणि बघायचं. डिंकाने शाईला अंग येतं, ती निबेला धरून राहते आणि सावकाश उतरते. जास्त झाला तर चीर तुंबते, आणि वाळल्यावर अक्षर चकाकतं, कधी तडकतंही. गुजरातेतल्या जुन्या जैन पोथ्यांची काळी शाईसुद्धा काजळ, डिंक आणि बिजाबोळ (राळेसारखा झाडाचा चीक) घोटून केलेली. त्या माणसांनी या गोष्टीवर किती विचार केला असेल, हे असं काम हातात आलं की कळतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका पत्र्याच्या तुकड्याचा. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनमधून मी निबेपेक्षा जरा अरुंद पट्टी कापली, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि तिला हलका बाक देऊन निबेच्या खाली, दांडीत खोचून बसवली. पट्टीचं टोक निबेच्या धारेपासून दोनेक मिलिमीटर मागे, आणि निबेच्या खालच्या अंगाला जेमतेम टेकलेलं. आता निब आणि पट्टी यांच्या फटीत शाई साठते आणि चिरेच्या ओढीने हळूहळू पुढे येते. काही विकतच्या निबांना अशी पितळी पट्टी मिळते, पण हाताने केलेली आपल्याला हवी तशी वाकवता येते. ती फार दाबून बसली तर चीर फाकते आणि शाई भस्सकन येते, सैल राहिली तर मधली शाई तुटते. हे जमवण्यात बराच वेळ गेला. जमलं तेव्हा एका बुडीत ओळीच्या मध्यापर्यंत एकसारखा काळा रंग आला. विद्यार्थिनीने टाळी वाजवली.

लिहायची फळीही मी उचलून जवळजवळ ४५ अंशांवर आणली. फळी सपाट असली की टाक उभा राहतो आणि शाई टोकाकडे धावते, फळी चढती केली की टाक आडवा होतो आणि धाव मंदावते. पंखा बंद केला. त्या उकाड्यात हे जड गेलं, पण वारा निबेवरची शाई वाळवतो.

तरीही शिरोरेषा राहिलीच. आपण शब्दातली अक्षरं आधी लिहितो आणि शेवटी वरून रेघ ओढतो. निबेत उरलीसुरली शाई असते तेव्हाच शब्दातली सगळ्यात लांब रेघ येते. मी कागदाच्या पट्टीवर तीनचार शब्द तसेच लिहून दाखवले आणि शाई कुठे कमी पडते ते नानांना सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले.

"माझे आजोबा सरकारी कचेरीत कारकून होते. मोडी लिहायचे. ते आधी रेघ मारून घ्यायचे, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोरू न उचलता अक्षरं खाली लिहीत जायचे."

मोडी अशीच लिहितात हे मला माहीत होतं. मी ती शिकलेही आहे. पण ते देवनागरीच्या मानपत्राला लावावं हे नानांच्या बोलण्यातून सुचलं. मोडीची रेघ ओळभर सलग जाते, देवनागरीत ती शब्दागणिक तुटते, एवढीच अडचण. त्यासाठी सगळा मजकूर आधी ट्रेसिंग पेपरवर लिहून काढला, प्रत्येक शब्दाची सुरुवात आणि शेवट मोजून तावावर पेन्सिलीचे अगदी बारीक ठिपके दिले. मग एक बुडी घेऊन ओळीतल्या सगळ्या शब्दांच्या शिरोरेषा एका दमात ओढल्या. त्या वाळेपर्यंत थांबले आणि दुसऱ्या बुडीत त्याच ओळीची अक्षरं खाली लिहीत गेले. काना रेघेच्या जाडीच्या आतून सुरू करायचा, म्हणजे मध्ये पांढरी फट राहत नाही. काजळी शाई दाट असल्याने रेघेवर रेघ आली तरी तिथे डाग दिसत नाही.

रेघांचा भार उतरल्यावर एक बुडी अक्षरांची अख्खी ओळ पुरू लागली. 'कृतज्ञतापूर्वक'सुद्धा रफारासकट एका रंगात उतरला. प्रत्येक बुडीनंतर निबेची खालची बाजू वाटीच्या काठाला टेकवायची, वरची बाजू फडक्याने टिपून घ्यायची, कागदाच्या पट्टीवर एक लहान रेघ ओढून पाहायची, मगच तावावर जायचं. हात हलका ठेवायचा. जोर दिला की निबेची दोन पाती फाकतात आणि शब्दभराची शाई एका काण्यात जाते. विद्यार्थिनी वाटीत अधूनमधून पाण्याचा एक थेंब टाकत होती, कारण उघडी शाई त्या हवेत दाट होत चालली होती. ओळीच्या शेवटी शाई उरलेली असली तरी पुढची ओळ नव्या बुडीनेच सुरू केली. शाई संपेपर्यंत ओढत नेण्यापेक्षा ती फिकी पडायच्या आत थांबणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि एक बुडी लांबवायची ती याचसाठी, की थांबायची जागा आपल्याला निवडता यावी.

सत्कारमूर्तींचं नाव लाल रंगात हवं होतं. जुन्या पोथ्यांत हिंगुळाने लिहीत, मी गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरला. गुआशचा रंग जड, वाटीत तळाशी बसतो, म्हणून त्यात निब बुडवली नाही. ब्रशने ढवळून, ब्रशनेच निब आणि पत्र्याच्या फटीत बाजूने रंग भरला. आडनाव लिहिण्याआधी नानांनी चिठ्ठीवरचं प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं, दोन वेळा.

सव्वापाचला शेवटचा दंड दिला. टीपकागद लावला नाही, डिंकाची शाई त्याने उचलली जाते. नाना चष्मा कपाळावर चढवून तावाच्या अगदी जवळ वाकले आणि बुडीचे सांधे शोधू लागले. दुसऱ्या परिच्छेदात त्यांना एक सापडला, 'विद्यार्थिवर्गाच्या' या शब्दात. तिथे खरंच रंग किंचित बदललेला आहे. बाकी तावभर त्यांना काही सापडलं नाही. ते मला काही म्हणाले नाहीत, विद्यार्थिनीला मात्र म्हणाले, "हे सगळं लिहून ठेव."

तिने लिहून ठेवलं, आणि आता मराठीची मोठी कामं आम्ही याच रीतीने करतो, आधी रेघा आणि मग अक्षरं. पाकिटांवरच्या दोन ओळींसाठी एवढा खटाटोप करत नाही, तिथे घासलेली निब आणि पत्र्याची पट्टी पुरते. पावसाळ्यात प्रमाण बदलावं लागतं. हवा ओली असली की डिंकाची शाई तासन् तास चिकट राहते आणि ओल्या शिरोरेषेत काना फुटतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये डिंक निम्मा घालते, फळी थोडी आणखी उचलते, आणि दोन ओळींच्या शिरोरेषा आधी ओढून मगच पहिल्या ओळीच्या अक्षरांना हात घालते, म्हणजे पहिल्या रेघेला वाळायला वेळ मिळतो.